नर्सिंगची फी सरकारने भरावी, पण करार दोघांनाही बांधणारा हवा

गोव्यातील ज्या मुलामुलींना नर्सिंगचे शिक्षण घ्यायचे आहे त्यांचा खर्च सरकारने उचलावा, आणि त्या बदल्यात त्यांनी पुढे काही वर्षे सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण अशा तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत नोकरी करावी, ही कल्पना मला मनापासून पटते. मात्र असा विषय निघाला की आपली चर्चा लगेच बाँड, म्हणजे सेवेची लेखी हमी, किती वर्षांचा आणि मोडला तर दंड किती, यावर येऊन थांबते. विद्यार्थिनीकडून काय लिहून घ्यायचे याचा विचार सगळेच करतात. सरकारने तिला काय लिहून द्यायचे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, आणि माझ्या मते योजनेचे यशापयश त्यावरच ठरेल.

गोव्याला वैद्यकीय शिक्षण नवे नाही. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा आज बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात चालू आहे. पण बांबोळी, म्हापसा आणि मडगाव ही आपली मोठी सरकारी इस्पितळे किनाऱ्याकडच्या पट्ट्यात आहेत, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना रोजचा आधार प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि उपकेंद्राचाच असतो. तिथे डॉक्टर येतात आणि बदलून जातात. लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, म्हाताऱ्यांचे रक्तदाब-साखर बघणे आणि वेळेवर कोणाला पुढे पाठवायचे हे ओळखणे, ही सगळी कामे सिस्टरच्या अंगावर असतात. ती जागा रिकामी राहिली तर इमारतीला कितीही रंग दिला तरी केंद्र बंद असल्यासारखेच.

दुसरीकडे शिकलेल्या नर्सला बाहेरची वाट मोकळी आहे. आखातात मागणी आहे, इंग्लंडमध्ये आहे, आणि १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्गही उपलब्ध आहे. जाणाऱ्या मुलींना मी दोष देणार नाही. ज्या राज्यात घरटी एक माणूस बोटीवर नाही तर आखातात असल्याचा आपण अभिमान बाळगतो, तिथे केवळ नर्सनेच त्यागाची मूर्ती व्हावे हा आग्रह मला ढोंगी वाटतो.

खर्चाबद्दलही थोडे बारकाईने बोलायला हवे. सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला तर फी हा मुख्य अडथळा नसतो. वसतिगृह, खाणावळ, गणवेश, पुस्तके आणि तेवढी वर्षे घरात न येणारी कमाई, हा खरा भार असतो. बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे लागतात, जी.एन.एम. या नर्सिंगच्या पदविकेला तीन, ए.एन.एम. या साहाय्यक नर्सच्या अभ्यासक्रमाला दोन. सरकारी जागा न मिळालेल्या मुलीला शेजारच्या कर्नाटकातील खासगी महाविद्यालयाचा पर्याय असतो, पण तिथे फीच कुटुंबाला कर्जात घालते. म्हणून अनुदान फक्त फीचे असेल तर गरजू मुलगी वाटेतच गळेल. महिन्याचा निर्वाहभत्ता त्यात धरलाच पाहिजे.

यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आपल्याकडे आहेच. त्याच धर्तीवर कर्ज द्यावे आणि ठरलेल्या केंद्रात नोकरीचे एकेक वर्ष पूर्ण झाले की त्या प्रमाणात ते माफ करत जावे. जपानमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात डॉक्टरांसाठी असेच चालते: सहा वर्षांच्या शिक्षणाचे कर्ज, आणि आपापल्या प्रांतात नऊ वर्षे सेवा दिली की सगळे माफ. तिथल्या बहुतेक पदवीधरांनी ही सेवा पूर्ण केली आहे. नर्ससाठी नऊ वर्षे अवाजवी होतील. जितकी वर्षे मदत घेतली तितकीच सेवा, हे मला न्याय्य वाटते.

दंडाच्या धाकावर भरवसा ठेवणाऱ्यांनी कायदाही पाहावा. डॉक्टरांकडून घेतले जाणारे सेवेचे बाँड सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवले हे खरे. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात कितीही मोठा आकडा लिहिला तरी सर्वसाधारणपणे त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळू शकते. शिवाय नर्सिंगला सतराव्या वर्षी प्रवेश मिळतो, आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. मग सही होते ती बापाची, जामीनदार म्हणून. सांग्याच्या एखाद्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, मजुरी करणाऱ्या माणसाला लाखाच्या कागदावर अंगठा उठवायला लावणारी योजना कल्याणकारी म्हणवून घेऊ शकत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची प्रथा तर या योजनेच्या आसपासही फिरकू नये.

आता सरकारची बाजू. मुलगी पास होईल त्या वर्षी तिच्यासाठी मंजूर, नियमित वेतनश्रेणीचे पद तयार असले पाहिजे. चार वर्षांचे बंधन तिच्यावर आणि अकरा महिन्यांची कंत्राटी नेमणूक सरकारकडून, हा व्यवहार मला मान्य नाही. ठरावीक मुदतीत, समजा सहा महिन्यांत, नेमणूक मिळाली नाही तर तिचे बंधन संपले आणि कर्जही संपले, असे करारात स्पष्ट लिहावे. म्हणजे विलंबाची किंमत विलंब करणाऱ्यालाच मोजावी लागेल. रात्रपाळी संपवून किंवा रात्रपाळीसाठी निघणाऱ्या बाईला गावात कदंब या सरकारी महामंडळाची बस असेलच असे नाही, तेव्हा केंद्राजवळ राहण्याजोगे क्वार्टर हवे. आणि बदल्यांचे काय? आमदारांच्या चिठ्ठीवर वर्षभरात पणजीकडे सरकलेली नेमणूक गावातील सेवेत धरायची नाही, हे कलम सर्वांत आधी लिहावे, कारण नंतर ते लिहायला कोणी धजावणार नाही.

निवड कोणाची करायची, यालाही तेवढेच महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दुर्गम भागातील मनुष्यबळाबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत सेवेच्या अटीवरील शिष्यवृत्ती आहेच, पण ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनाच प्रवेशात प्राधान्य द्यावे हीही शिफारस आहे. नगरगाव, नेत्रावळी किंवा गावडोंगरीची मुलगी आपल्याच तालुक्यात टिकण्याची शक्यता अधिक, हे सांगायला तज्ज्ञ नको. २००३ मध्ये अनुसूचित जमातींत समाविष्ट झालेल्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांतील मुलींना यात आवर्जून स्थान मिळावे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते, तेव्हा या मुलींना दहावीनंतरच विज्ञान शाखेकडे वळवून शिकवणीची सोय करावी लागेल. निवड बारावीनंतर सुरू केली तर यादीत पुन्हा शहरातीलच नावे दिसतील.

‘स्थानिक’ म्हणजे नेमके कोठे, हेही आधीच ठरवावे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीचे लग्न होणार आणि ती सत्तरीतून काणकोणात जाऊ शकते. ठरवून दिलेल्या तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्यात उरलेली सेवा पूर्ण करण्याची मुभा तिला असावी, बाळंतपणाच्या रजेत मुदतीचे घड्याळ थांबावे पण करार मोडला असे समजू नये, आणि गोव्याबाहेर जावेच लागले तर उरलेल्या वर्षांपुरतीच रक्कम हप्त्यांनी, बिनव्याजी परत घ्यावी.