वासारी ‘बाद’ कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जॉर्जो वासारी या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराने लिहिलेल्या चित्रकारांच्या चरित्रांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘कास्तान्योवर खोटा खून लादणाऱ्याचं पुस्तक आज बाद आहे. गोदाघाटावर बसून फ्लॉरेन्सच्या गप्पा कशाला?’ मतभेद मला चालतात, हा सूर चालत नाही. वीस वर्षं हे पुस्तक माझ्या उशाशी आहे आणि नाशिकचा पत्ता त्याच्या आड कधी आलेला नाही.

खुनाचं म्हणाल तर मान्य. चित्रकार आंद्रेआ देल कास्तान्योने मत्सरापोटी दोमेनिको वेनेत्सियानो या दुसऱ्या चित्रकाराला मारलं, असं वासारी लिहितो. प्रत्यक्षात कास्तान्यो १४५७ साली प्लेगने गेला आणि दोमेनिको १४६१ साली. लेखात हे यायला हवं होतं, ते राहिलं.

पण ‘बाद’? १५५० आणि १५६८ अशा दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघा. मधे १५५३ साली मायकेलअँजेलोचा शिष्य कोंदिवी याने त्याचं चरित्र काढलं आणि चित्रकार गिर्लांदायोकडून मायकेलअँजेलोला काहीच मदत झाली नाही असं त्यात म्हटलं. त्यावर दुसऱ्या आवृत्तीत वासारीने थेट गिर्लांदायोच्या वहीतली नोंद छापली: १ एप्रिल १४८८, मायकेलअँजेलोचे वडील लोदोविको यांनी मुलगा तीन वर्षांसाठी हाताखाली दिला, मोबदला २४ फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं नाणं), पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी १०. पोरगा तेरा वर्षांचा, आणि पैसे उस्तादाने द्यायचे! वही वारसांकडे आहे, हेही तो सांगून टाकतो. गप्पा मारणारा माणूस हिशेबाची वही काढून दाखवत नाही.

शिवाय चरित्रांच्या आधीची तंत्रावरची प्रस्तावना. भित्तिचित्रासाठी दिवसभरात पुरं होईल तेवढाच चुन्याचा गिलावा लावायचा, तो ओला आहे तोवर रंगवायचं. रंग मातीचे, पांढरा भाजलेल्या ट्रॅव्हर्टिन दगडाचा. ओल्यात दिसणारा रंग वाळल्यावर वेगळा निघतो, म्हणून अंदाज आधीच पक्का हवा. नंतर सरस, अंड्याचा बलक किंवा डिंक घातलेल्या रंगाने डागडुजी केली तर ती काळी पडते, असं तो बजावतो. यात काय जुनं झालं? चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यातच अडकतो. सरसाचा थर मात्र वरच्यावर बसतो. आपल्या जुन्या वाड्यांतल्या चुन्याच्या भिंतीवर ज्याने हात चालवलाय, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. सालं आणि खून दप्तरातल्या कागदांशी ताडून घ्या. कामाच्या पद्धतीबद्दल मात्र त्याचं ऐका, तो स्वतः रंगात हात घालणारा चित्रकार होता.

‘पुस्तकात एकही स्त्री नाही’ हे तर न वाचताच लिहिलंय. शिल्पकार प्रोपेर्त्सिया दे रोस्सी ही स्त्री १५५० पासून त्यात आहे. बाकीच्या मुद्द्यांत शिरत नाही.

बऱ्याच भाषांतरांत ही प्रस्तावना गाळलेली असते; १९०७ साली ती इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाली. तुमच्या प्रतीत ती आहे का, तेवढं कळवा.