रीस्टार्टला पीसी अडकला की लगेच रॅम घासायला घेऊ नका

व्हॉट्सॲपवर एक मेसेज सतत फिरत असतो. कॉम्प्युटर रीस्टार्ट होताना अडकत असेल तर मदरबोर्डचा सेल बदला, रॅम काढून खोडरबराने घासा, रीस्टार्टऐवजी शटडाऊन करून चालू करा म्हणजे सगळं ‘नव्याने’ सुरू होतं, आणि तरीही जमलं नाही तर फॉरमॅट मारा. यातला एकही सल्ला पीसी नेमका कुठे अडकतोय हे विचारत नाही. माझा खरा राग त्यावर आहे, कारण शेवटच्या सल्ल्यापर्यंत पोचलेल्या घरांतले वर्षानुवर्षांचे फोटो जातात.

आधी सेल. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, सेटिंग्ज जपतो. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर एसएमपीएसकडून (पीसीला वीज देणाऱ्या डब्याकडून) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळतच असतो आणि रीस्टार्टमध्ये तो तुटत नाही. सेल संपल्याची खूण वेगळी असते: रात्री मेन बटण बंद केलं आणि सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसली. मग सेल बदलून फरक पडला असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. सेल काढल्यावर अनेकदा बायोस मूळ सेटिंगवर जातो, आणि कुणीतरी वाढवून ठेवलेला रॅमचा वेगही खाली येतो. तेच काम बायोसमधून डिफॉल्ट सेटिंग लोड करूनही होतं. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. डिस्क अशी एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असेल तर पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं.

खोडरबराचं म्हणाल तर, रॅमच्या पट्टीवरच्या पिवळ्या पिनांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. घासून तो झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. फायदा होतो तो पट्टी काढून पुन्हा दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवल्याने. शिवाय खराब रॅम फक्त रीस्टार्टलाच त्रास देईल असं सहसा होत नाही. काम चालू असतानाही निळा पडदा येतो, फाइली बिघडतात. शंका असेल तर रात्री विंडोज मेमरी डायग्नोस्टिक ही विंडोजमधलीच रॅमची तपासणी लावून झोपा.

शटडाऊनबद्दलचा दावा तर उलटाच आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे. ते चालू असेल तर शटडाऊन करताना कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरांची (उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची) स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं. म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर शटडाऊनमध्ये लपून राहतो आणि रीस्टार्टमध्ये उघडा पडतो. खरंच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा.

आता मेसेजने गाळलेला प्रश्न: अडकतं कुठे? ‘रीस्टार्टिंग’ लिहिलेलं गोल गोल फिरतच राहिलं तर विंडोज बंदच होत नाहीये. तिथे संशय एखाद्या ड्रायव्हरवर किंवा प्रोग्रामवर. तो पडदा जाऊन पंखे फिरतायत आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतोय, तर कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो? मग मशीन जागं आहे, अडचण बहुधा डिस्प्लेची. दिवा ढिम्म असेल तर कीबोर्ड आणि माऊस सोडून यूएसबीतलं सगळं काढा: प्रिंटर, हब, बाहेरची हार्ड डिस्क, मागच्या बाजूला विसरलेला पेनड्राइव्ह. रीस्टार्टमध्ये यूएसबीची वीज बहुतेक वेळा जात नाही, त्यामुळे गोंधळलेलं उपकरण तसंच गोंधळलेलं राहतं आणि बायोस त्याची वाट बघत बसतो. मग एकेक परत लावत जा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ दिसलं म्हणून एसएमपीएस विकत आणू नका. पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ती नोंद सांगते. बटण दाबून धरून तुम्हीच बंद केलात तरी ती येते.

राहिला फॉरमॅट. त्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) चालू करा आणि तिथून तीन-चारदा रीस्टार्ट करून बघा. तिथेही तसंच अडकलं तर विंडोज पुसून काही मिळणार नाही, दोष बहुधा बोर्ड, बायोस किंवा जोडलेल्या वस्तूत आहे. नीट चाललं तर संशय विंडोजवर, आणि डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर त्याच लिनक्समधून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.