गॅसबरोबर दरवर्षी ऑइल घालावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘गाडीच्या एसीत गॅस भरताना दरवेळी कंप्रेसर ऑइल (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचे वंगण) घालू नये’ या माझ्या मतावर आपण आक्षेप घेतला आहे. वरोऱ्याचे आपले मेकॅनिक दर उन्हाळ्यात गॅसबरोबर 30 मिली ऑइल घालतात, गॅस गळला म्हणजे ऑइलही गेलेच असणार, आणि कोरडा कंप्रेसर जाम होतो, असे आपण लिहिले आहे. यातले शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे.

मात्र हे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. ते गॅसबरोबर पाइपांतून फिरून कंप्रेसरकडे परत येते. म्हाताऱ्या झालेल्या ओ-रिंगमधून (पाइपांच्या जोडावरच्या रबरी कडीतून) गॅस हळूहळू झिरपतो तेव्हा बहुतेक ऑइल आतच राहते, पण पाइप फुटून गॅस एकदम सुटला तर तो ऑइलही ओढून नेतो. म्हणून आधी गळती शोधावी. कापसाच्या जिनिंगच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीत पाइपाच्या एखाद्याच जोडावर रुईचे तंतू आणि धूळ चिकटून काळपट थर बसलेला दिसला, तर तिथून थोडे ऑइल झिरपत असल्याचा संशय घ्यावा.

लहान कारच्या संपूर्ण यंत्रणेत साधारण 100 ते 150 मिली ऑइल असते. त्यात दरवर्षी 30 मिलीची भर पडली, तर जादा ऑइल कुलिंग कॉइलच्या नळ्यांत आतून थर धरते आणि पारा 45 अंशांवर असताना गाडी गार होत नाही. मग पुन्हा गॅस, पुन्हा ऑइल!

इंजिनासारखी ऑइलची पातळी पाहायची पट्टी (डिपस्टिक) एसीला नसताना ऑइल तपासायचे कसे, हा आपला प्रश्न रास्त आहे. कंप्रेसर उतरवून, शाफ्ट हाताने फिरवत ऑइल मोजपात्रात काढणे हाच खात्रीचा मार्ग आहे. ते काळे असेल किंवा त्यात चंदेरी कण चमकत असतील, तर कंप्रेसर आतून झिजला आहे, आणि केवळ तो बदलून भागत नाही. नव्या कंप्रेसरमध्ये बहुधा पूर्ण यंत्रणेपुरते ऑइल भरूनच येते. त्यातले काढून, जुन्यातून निघाले साधारण तेवढेच ठेवावे लागते. हे मोजण्याचा कंटाळा केला जातो, हे खरे दुखणे आहे.

गेल्या वर्षीची अर्धी बाटली आपले मेकॅनिक यंदा वापरतात, असेही आपण लिहिले आहे. आर-134ए गॅसच्या बहुतेक गाड्यांत पीएजी नावाचे कृत्रिम ऑइल चालते आणि ते हवेतली ओल झपाट्याने शोषते. ऑइलमध्ये मुरलेली ओल व्हॅक्यूम लावूनही (पंपाने आतली हवा ओढून घेऊनही) सहज निघत नाही, आणि तिच्यामुळे आत आम्ल तयार होऊन धातू खराब होतो. तेव्हा यंदा ती बाटली वापरू देऊ नका.