त्या पोरानं गाडीला हार घातला होता

आज दुपारी एका साखरपुड्यातून जेवण अर्धं टाकून उठून आलो. चार तास झाले, डोकं शांत होत नाही. म्हणून लिहितोय.

पंगतीत शेजारच्या पानावर नात्यातलाच एक जण होता. गेल्या आठवड्यात त्यानं आपली जुनी डिझेल गाडी विकली, त्याची गोष्ट सांगत होता. गाडी ऑइल खात होती. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं की आतून भसाभसा धूर यायचा. मेकॅनिकनं इंजिनाच्या कामाचे साठ हजार सांगितले होते. ह्यानं काय केलं, तर जाड ऑइल भरलं, वरून कसलंसं औषध ओतलं, गिऱ्हाईक यायच्या आधी वीस किलोमीटर फिरवून इंजिन गरम करून ठेवलं आणि गिऱ्हाइकाला बोलावलं संध्याकाळी सातनंतर. निळा धूर अंधारात दिसत नाही ना! हे सगळं रंगवून सांगत होता आणि पंगत हसत होती. एकानं तर टाळी दिली.

घेणारा पंचविशीतला पोरगा, बारामतीकडचा. सोबत बायको, तिच्या कडेवर लेकरू. पैसे मोजून झाल्यावर बायकोनं पर्समधून कुंकू काढलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, पोरानं हार घातला, नारळ फोडला. आणि हा सांगतो, "मी मनात म्हटलं, बाबा, नारळ इंजिनापुढं फोड, त्यालाच गरज आहे!"

तिथं मी उठलो.

मला अण्णांचा हात दिसला. माझ्या वडिलांच्या डाव्या मनगटावर पांढरट डाग आहे, कातडी ओढल्यासारखी. 2015 सालचा.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आयुष्यभर सायकल, मग लूना. निवृत्तीनंतर हौस म्हणून एक लाख पंधरा हजाराला पांढरी, छोटी पेट्रोल गाडी घेतली, 2006 चं मॉडेल. विकणारे साताऱ्यातले सुशिक्षित गृहस्थ. त्यांच्या घरी पोहे खाल्ले, चहा झाला. गाडी सुरू करून दाखवली तेव्हा इंजिन गरम होतं. "आत्ताच मंडईतून आलो," म्हणाले. अण्णांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? समोरचा माणूस आपल्यासारखाच दिसत होता.

पहिली फेरी अर्थातच जेजुरीची. कोरेगावहून वाठार, लोणंद, नीरा करत गेलो, काही त्रास नाही. परतीला, मे महिन्याच्या टळटळीत दुपारी, सालपे घाट चढताना तापमानाचा काटा एकदम वर. बॉनेटमधून वाफ. आई मागं घाबरून बसलेली. मी पाणी आणायला गेलो आणि अण्णांनी रुमाल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. त्यांना काय माहीत, की बंद रेडिएटरमध्ये दाबाखाली पाणी शंभराच्या वर तापलेलं असतं आणि झाकण उघडलं की कारंजं उडतं! मनगट भाजलं. तोंड थोडक्यात वाचलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं ऑइलचं झाकण काढून दाखवलं. आतून दुधाच्या चहासारखा फेस. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, आधीपासूनच गेलेलं, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळत होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार ते पाणी सोडणारा वाल्व, काढून टाकलेला. फॅन डायरेक्ट जोडलेला, चावी फिरवली की फिरतच राहायचा, म्हणजे सपाट रस्त्यावर काटा वर येऊच नये. रेडिएटरमध्ये गळती बुजवायची पावडर. मेकॅनिक म्हणाला, "सर, ज्यानं हे केलंय त्याला सगळं माहीत होतं."

हे मला विसरता येत नाही. सगळं माहीत होतं. आमच्या पोह्यांवर खोबरं घालताना त्यांना माहीत होतं.

अण्णांनी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "बघून घेतली होतीत ना?" अण्णांनी काही न बोलता फोन ठेवला. मी पोलिसांत जाऊ म्हणालो तर म्हणाले, "राहू दे, चूक माझी." आठवडाभर घरात बोलले नाहीत. पैशाचं दुःख नव्हतंच ते. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं आणि आपल्याला माणूस ओळखता आला नाही, ह्याचं होतं.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, घेणाऱ्यानं मेकॅनिक न्यायला हवा. मान्य. थंड इंजिन स्वतः सुरू करून बघावं, गाडीच्या मागं उभं राहावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय. हे माहीत असायला हवं. पण कुलूप लावलं नव्हतं म्हणून चोर निर्दोष ठरतो का? आणि विकणाऱ्यालाही पैशाची नड असते म्हणे. असेल. त्या पोराला नव्हती?

इंजिन गेलेली गाडी विकू नये असं मी म्हणतच नाहीये. जरूर विका! अशा गाडीलाही किंमत असते, गिऱ्हाईकही असतं. फक्त सांगून विका. रिंगा गेल्यात, हेड उतरवावं लागेल, एवढं बोलायला तोंड दुखतं का? पुराच्या गाड्यांचंही तेच. 2019 ला कोल्हापूर-सांगली, 2021 ला चिपळूण. पाणी दाबलं जात नाही, ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवलं की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी धुऊन, पॉलिश करून लांबच्या गावी विकणारा माणूस आणि दुधात पाणी घालणारा माणूस, ह्यांत मला फरक दिसत नाही.

आणि आमच्या नातेवाइकांना वाटतंय ते सुटले. नाव ट्रान्सफरचं विचारलं तर म्हणे, "नाव बदलायच्या फॉर्म 29-30 वर सह्या करून दिल्यात, करेल तो सवडीनं." अरे, कायद्यानं 14 दिवसांत विकणाऱ्यानंसुद्धा आरटीओला कळवायचं असतं. उद्या अपघात झाला तर भरपाईसाठी तुझंच नाव पुढं येणार. सुप्रीम कोर्टानं 2018 साली स्वच्छ सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक.

लिहितालिहिता राग थोडा उतरला. अण्णांनी ती गाडी पुढं कशी विकली तेही सांगतो.

दुरुस्तीला चाळीस हजार सांगितले होते. आम्ही म्हणालो, येईल त्या भावाला काढू. अण्णांनी वहीचं पान घेतलं आणि त्यांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: हेड गॅस्केट गेले आहे. हेड वाकले आहे. थर्मोस्टॅट नाही. फॅन थेट जोडलेला आहे. येईल त्याला आधी ते पान वाचायला द्यायचे, मग चावी. तिघं जण पान वाचून गेले. चौथा फलटणजवळच्या एका गॅरेजातला मुलगा, नुकतं स्वतःचं काम सुरू केलेला. पान वाचलं, इंजिन बघितलं, पंचेचाळीस हजार सांगितले. अण्णांनी घासाघीस केली नाही, त्यानंही केली नाही. ते पान मात्र मागून घेतलं, "राहू दे माझ्याकडं," म्हणाला. इंजिन बसवून गाडी त्यानं स्वतःच वापरली, आणि त्या दिवाळीला पेढे घेऊन तीच चालवत आमच्या दारात आला. अण्णांनी बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत उभे राहिले.

दुपारी उठताना मी नातेवाइकाकडं त्या बारामतीच्या पोराचा नंबर मागितला होता. "तुला काय करायचंय," म्हणाला. मी संध्याकाळी परत मागितला. त्याच्या बायकोला फोन करून मागितला.

आत्ता, हे टाइप करत असताना वहिनींनी नंबर पाठवलाय. खाली फक्त "सांगू नका मी दिला" एवढंच.

उद्या सकाळी फोन करतोय. रोज थंड इंजिनावर ऑइलची काठी बघ म्हणून सांगणार, पातळी उतरली तर तशीच रेटू नकोस. आणि साठ हजाराचं काम किती कमीत होईल, हे फलटणच्या त्या मुलाला आज रात्रीच विचारतो.