टर्बोची पॉवर इथेनॉल खात नाही, खातं ते अ‍ॅव्हरेज

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. त्यातला एक सख्खा मेव्हणा, त्यामुळे गप्प बसता येईना. मेसेज असा: "पेट्रोलमध्ये २० टक्के उसाचं पाणी घालतात. टर्बो गाड्यांची पॉवर संपली, इंजिन नॉक होणार, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर. गाडी वाचवायची असेल तर शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात, नाहीतर गोव्यात टाकी फुल्ल करा."

'उसाचं पाणी' हे निदान बेळगाव जिल्ह्यातल्या माणसानं तरी म्हणू नये. संकेश्वर, चिकोडी, अथणी, जिकडे जाल तिकडे कारखान्याचं धुराडं. मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून, वर उरलेलं पाणीही काढून टाकलं की मग ते इंधनाचं इथेनॉल होतं, ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध. शिवाय आता मका आणि तुकडा तांदूळही त्यात आला. आणि शिनोळीपलीकडे काय वेगळं मिळणार? मिश्रणाचा कार्यक्रम देशभराचा आहे. चोरला घाट उतरून गोव्यात भरलंत तरी तेच.

आता नॉकिंग. इथं मेसेज सरळ उलटा आहे. नॉक म्हणजे ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटणं. ऑक्टेन जितका जास्त, तितकं हे टळतं. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. म्हणूनच साधं पेट्रोल ९१ चं होतं तिथं ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा, ऑक्टेन ९५ ठरवलाय. त्यात इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, सिलिंडरमधली हवा थंड होते. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, त्याला आणखी काय हवं? इंडीकार शर्यतींनी २००७ चा हंगाम इथेनॉलवर काढला. त्याच सुमाराची कोएनिगसेगची सीसीएक्सआर ८५ टक्के इथेनॉलवर १०१८ हॉर्सपॉवर द्यायची, पेट्रोलवरची तिची बहीण ८०६. अर्थात ते इंजिन त्यासाठीच बसवलेलं. आपल्या हॅचबॅकला पंपावरून निघता निघता पंख फुटणार नाहीत. ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, ठिणगी थोडी आधी पाडली तरच फायदा.

अ‍ॅव्हरेज पडतं, हे मात्र खरं. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. हिशेब मांडा: ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. पण १० टक्के इथेनॉल २०२२ पासून आपण जाळतोच आहोत, त्याच्याशी तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. लिटरला १५ देणारी साडेचौदा देईल. खिशाला चटका आहेच, आणि दर तेवढा उतरला नाही ही तक्रार रास्त. पण 'निम्मं'? निम्मं झालं असेल तर आधी टायरची हवा बघा.

खरी काळजी कुणी करावी, ते मेसेजमध्ये नाहीच. एक, रिमॅप केलेल्या, म्हणजे पॉवर वाढवायला ईसीयूची सेटिंग बदलून घेतलेल्या, गाड्यांच्या मालकांनी. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त इंधन. शांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते भरून काढतो. पण स्टेज टू, म्हणजे त्यापुढचं ट्यूनिंग, करून इंधन फवारणारे इंजेक्टर आधीच शेवटापर्यंत ताणलेत, आणि चोरल्याच्या चढावर पाय तळापर्यंत, अशा वेळी हवेला इंधन कमी पडून पिस्टन जळू शकतो. मॅप कुठल्या पेट्रोलवर बसवला, हे ट्यूनरला विचाराच.

दोन, कव्हर घालून चार महिने उभी असलेली गाडी. इथेनॉल ओल धरतं. थोडं पाणी जळून जातं. मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी तळाशी वेगळं होतं, आणि टाकीतला पंप नेमका तळातूनच खेचतो. खानापूरकडच्या पावसात तर विचारूच नका.

तीन, जुनी रबरं. माझी टर्बो २०१४ ची. गेल्या दिवाळीत उद्यमबागेतल्या मिस्त्रीनं पेट्रोलचा पाइप वाकवून दाखवला, बारीक भेगा पडलेल्या. वयानं की इथेनॉलनं, तोही छातीठोक सांगेना. पाइप आणि ओ-रिंगा बदलल्या. मेव्हण्याची गाडी गेल्या वर्षीची आहे, ई-२० साठीच बनवलेली, आणि मेसेज फॉरवर्ड करतोय तो.