सौजन्य: इंटरनेट

आज दुपारी एका कलादालनात जुन्या पुण्याच्या फोटोंचं प्रदर्शन बघून आले. घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं, चहाही न टाकता आधी हे लिहायला बसलेय. कलादालनाचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी चाललंय असं अजिबात नाही.

भिंतीभर मोठमोठे फ्लेक्स. लकडी पूल, मंडई, शनिवारवाड्यासमोरची मोकळी जागा, टांगे. मुळात सगळे कृष्णधवल, आणि सगळे एआयने रंगवलेले. खाली दोन ओळींची माहिती आणि प्रत्येक माहितीच्या शेवटी तेच: 'सौजन्य: इंटरनेट'. फोटो कोणी काढला, कुठल्या साली, मूळ प्रिंट कोणाकडे आहे, काही नाही. प्रायोजकाचा लोगो मात्र एकाही फ्लेक्सवरून सुटलेला नाही. आपण पुणेकर कीर्तनाच्या पत्रिकेतसुद्धा तबल्याची साथ कोणाची ते छापतो. आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहायचं कोणाला सुचत नाही?

दाराजवळच्या भिंतीवर एका नवरीचा फोटो होता, तिथे माझे पाय थांबले. शालू, मुंडावळ्या, नथ, मागे स्टुडिओतला खांब आणि बाग रंगवलेला पडदा. मूळ प्रिंट हाताने रंगवलेला असणार, कारण एआयचा थर चढवूनही गालावरची गुलाबी छटा खालून दिसत होती. चेहरा स्पष्ट करायच्या नादात नथीचे मोती एकमेकांत विरघळून त्यांचा गोळा झाला होता. शालू जांभळा केला होता. कोणी सांगितलं जांभळा?

माझी आत्या हे काम करायची. नारायण पेठेतल्या एका स्टुडिओतून लग्नाचे प्रिंट घरी यायचे आणि दुपारची आवराआवर झाली की ती माडीवरच्या खिडकीपाशी पाट घेऊन बसायची. बशीत पाणी, त्यात रंगाच्या कागदाचा नखाएवढा तुकडा, आणि कापूस गुंडाळलेली काडी. आधी ओला कापूस प्रिंटवरून हलकेच फिरवायचा, मग रंग. गाल, ओठ, कुंकू, चुडा. नथीच्या मोत्यांना ती हात लावत नसे. कागदाचा पांढरा तसाच राखायची आणि मधल्या खड्यावर फक्त एक लाल ठिपका द्यायची. आम्हा मुलांना त्या वेळी खिडकीतून हलायला सांगितलेलं असायचं, उजेड अडतो म्हणून.

प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं असायचं: 'शालू हिरवा, काठ लाल, शेला मोतिया'. लिहिलेलं नसलं तर आत्या रंग भरायचीच नाही. विचारून या म्हणून प्रिंट परत पाठवायची. स्टुडिओवाले काका वैतागायचे, "अहो ताई, कोणाला कळतंय?" यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "तिला कळेल ना."

तो नवरीचा फोटो आत्यानेच रंगवला होता असा माझा दावा नाही. असं काम करणारे हात पुण्यात बरेच होते. पण त्या कुठल्याच हाताचं नाव कुठे राहिलं नाही. प्रिंटमागे स्टुडिओचा शिक्का असायचा, आत्याचं नाव त्या शिक्क्यातही नव्हतं. आणि आता तो शिक्कासुद्धा आपण पुसतोय, कारण फ्लेक्सला मागची बाजूच नसते.

आयोजकांपैकी एका मुलाला विचारलं. म्हणाला, "काकू, कॉपीराइट संपलाय." बाळा, भारतात फोटोवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो हे मलाही माहीत आहे. हक्क संपला म्हणून नाव खोडून टाकायची परवानगी कोणत्या कायद्याने दिली?

होमाई व्यारावाला आठवा. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जायचे, कारण बाईच्या नावाला कोणी ओळखत नव्हतं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, २०११ साली पद्मविभूषण मिळालं, आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. वयाच्या नव्वदीनंतर का होईना, भिंतीवर त्यांचं नाव लागलं. संग्रहालयाने हेच तर करायचं असतं! नुसती भिंत द्यायला मंगल कार्यालयंही आहेत.

फ्लेक्स स्वस्त पडतो, मान्य. जुना मूळ प्रिंट प्रखर दिव्याखाली टांगून ठेवता येत नाही, हेही मान्य. अशा प्रिंटसाठी संग्रहालयात प्रकाश साधारण ५० लक्सवर, म्हणजे अगदी मंद ठेवतात आणि काही महिन्यांनी त्यांना अंधारात विश्रांती देतात. हाताने भरलेले रंग तर उजेडाने फारच लवकर उडतात. मग चांगल्या कागदावर प्रत काढा ना. पण ती मुळाशी प्रामाणिक असू द्या, मागच्या बाजूचाही फोटो शेजारी लावा, आणि एखादा मूळ प्रिंट काचेच्या पेटीत मंद उजेडात ठेवा. लोक वाकून बघतील. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचे फोटो लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने १८६५ साली घेतले. आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखलं जातं. तिच्या प्रिंटवर रसायनाचे ओघळ आहेत, ओरखडे आहेत, बोटांचे ठसे आहेत. कोणी ते घासून 'एचडी' केले नाहीत. तिच्या हाताची खूण म्हणून जग ते बघायला जातं.

आणि पुण्याला तर या बाबतीत जास्त जपायला हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आत्याच्या त्या स्टुडिओत पाणी शिरलं. काचेच्या निगेटिव्ह चिखलात बसल्या होत्या. आत्या सांगायची, धुवायला घेतल्या तर वरचा जिलेटिनचा थर साय निघावी तसा सुटून हातात आला. कोणाचा चेहरा, कोणाचं बाशिंग, सगळं बोटांना चिकटलेलं. स्टुडिओवाले काका शेवटी म्हणाले, राहू द्या ताई. म्हणजे पूर येण्याआधी जे प्रिंट लोकांच्या घरी गेले होते तेवढेच उरले. त्यांची दुसरी प्रत निघणं शक्य नाही. तुमच्या आजीच्या ट्रंकेतला फोटो हाच मूळ, तोच एकुलता एक. तो मोबाइलने टिपायचा, एआयमधून काढायचा, शालू जांभळा करायचा आणि वर 'दुर्मीळ छायाचित्र' म्हणून मिरवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

राजा दिनकर केळकर संग्रहालय उभारणाऱ्या काका केळकरांनी याच गावात अडकित्ते, दिवे, दौती गोळा केल्या. लोकांच्या अडगळीतून एकेक वस्तू आणली आणि शेवटी सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. घरातल्या वस्तूची किंमत कळायला पुण्याला परदेशात जावं लागत नाही. बंगळुरूत २०२३ साली कला आणि छायाचित्रांसाठी एवढं मोठं संग्रहालय उघडलं. आपल्याकडे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४ पासून चित्रपट संग्रहालय आहे, फोटोवेड्यांची तर गल्लोगल्ली मंडळं आहेत. १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन आला की बालगंधर्वच्या कलादालनात पाय ठेवायला जागा नसते. एवढं सगळं असून फोटोखाली तीन ओळी नीट लिहिता येऊ नयेत?

बरं, एक चांगलं घडलं तेही सांगते. तिथे स्वयंसेवक म्हणून उभी असलेली कॉलेजातली एक मुलगी माझ्या मागे मागे आली. "काकू, हाताने रंगवायचे म्हणजे नक्की कसे?" मी तिला बशी, काडी, कापूस सगळं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं, आणि प्रिंटमागे पेन्सिलीने काय लिहायचे ते दोनदा विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. राग थोडा उतरला तो तिच्यामुळे. गर्दीही तरुण मुलांचीच होती, ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

म्हणून आता भांडत न बसता काम करायचं ठरवलंय. मैत्रिणींनो, मित्रांनो, घरातले जुने लग्नाचे, मुंजीचे फोटो फ्रेममधून हलक्या हाताने काढा. चिकटलेले असतील तर ओढू नका, तसेच राहू द्या. मागे शिक्का असेल, पेन्सिलीची ओळ असेल, तर ती जशीच्या तशी उतरवून घ्या. स्टुडिओचं नाव, पेठ आणि साधारण साल एवढं कमेंटमध्ये लिहा. रंगवणारं कोणी माहीत असेल तर तेही, पण त्यांच्या घरच्यांना विचारून. फोटो इथे टाकू नका. यादी नीट जमली की ती मी त्या मुलीकडे देणार आहे, आणि पुढच्या प्रदर्शनाच्या आधी आयोजकांकडेही घेऊन जाणार आहे.