कैरोतलं एक घर आणि आपल्याकडचे वाद

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की रत्नागिरीकडच्या माझ्या नात्यातलं कुणीतरी कैरोला फोन लावतं. "तू मुसलमानांच्या देशात राहतेस, तिकडे काय कायदा आहे ते सांग." विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवंय ते आवाजावरूनच कळतं. चुलतभावाला ऐकायचं असतं की तिकडे शरियतला कुणी हात लावत नाही. भाचीला ऐकायचं असतं की तिकडेसुद्धा बदललं, मग आपल्याकडेच का अडलंय.

दोघांनाही सांगण्यासारखं खरं काहीतरी माझ्याकडे असतं. एका दमात उच्चारलेले तीन तलाक एकच धरायचे, असा कायदा इजिप्तमध्ये १९२९ साली झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, आणि त्यावरचा फौजदारी कायदा २०१९ मध्ये आला. २००० सालापासून इथल्या बाईला, मेहर आणि आर्थिक हक्कांवर पाणी सोडायची तयारी असेल तर, नवऱ्याच्या संमतीशिवाय खुला, म्हणजे बाईने मागितलेला घटस्फोट, मिळतो. पण वारशात मुलीला मुलाच्या निम्माच वाटा, हेही इथे आहे. दुसऱ्या लग्नाला बंदी नाही. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या मूळच्या, ख्रिश्चनांची लग्नं आणि घटस्फोट त्यांच्या चर्चच्या नियमांनी चालतात, म्हणजे समान नागरी कायदा इथेही नाही. हे सगळं सांगून झालं की दोघं आपापल्या सोयीचं अर्धं उचलतात आणि फोन ठेवतात.

म्हणून आताशा मी कायद्याबद्दल कमी बोलते आणि इजिप्तचा कादंबरीकार नगीब महफूज याच्या कैरो त्रयीबद्दल जास्त. तीन खंडांची ही कादंबरी १९५६ आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. महफूजला १९८८ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. अरबीत लिहिणाऱ्याला मिळालेलं ते पहिलंच. तिन्ही खंडांना जुन्या कैरोतल्या गल्ल्यांची नावं आहेत आणि त्या गल्ल्या अजून आहेत. हुसैन मशिदीच्या बाजूने चालत गेलं तर कादंबरीतलं घर कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. काळ १९१७ ते १९४४. घर व्यापारी अहमद अब्दल जवादचं. बायको अमीना, तीन मुलगे, दोन मुली, पुढे नातवंडं.

अहमद घरात करडा. मुलं त्याच्यासमोर मान वर करत नाहीत. बाहेर तोच माणूस मित्रांमध्ये हसरा, गाण्याबजावण्यात आणि मद्यात रात्री घालवणारा, गायिकांच्या घरी जाणारा. तो नमाजही मनापासून पढतो. महफूजने त्याला ढोंगी म्हणून रंगवलेलं नाही, आणि मला या पुस्तकातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरी गोष्ट हीच वाटते. त्या माणसाची दोन्ही बाजूंवर श्रद्धा आहे. असे पुरुष मी कोकणात पाहिलेत. ते वाईट नव्हते, पण त्यांच्या घरातल्या बायकांचं आयुष्य त्यांच्या चांगुलपणामुळे जराही सैल झालं नाही.

अमीनाची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. ती रोज मध्यरात्री उठते, नवरा घरी आला की हातात दिवा धरून त्याला जिना दाखवते. बाहेरचं जग तिला लाकडी जाळीच्या खिडकीतून दिसतं तेवढंच. पंचवीस वर्षांच्या संसारात ती एकटी कधी उंबऱ्याबाहेर पडलेली नाही; आईकडे जायचं तरी नवऱ्यासोबत. एकदा तो कामासाठी परगावी जातो, मुलं आग्रह करतात, आणि ती धाकट्या कमालचा हात धरून हुसैनच्या मशिदीत जाऊन येते. आयुष्यभर ज्या दर्ग्याचा मिनार नुसता गच्चीवरून पाहिला, तिथे ती पोचते. परतताना मोटारीची धडक बसून तिचं हाड मोडतं. नवरा परत येतो, ती पूर्ण बरी होईपर्यंत थांबतो, आणि मग तिला आईच्या घरी जायला सांगतो. त्याचं ते थांबणं मला कुठल्याही मारहाणीच्या प्रसंगापेक्षा जास्त अस्वस्थ करतं. बाईबद्दल त्याला माया आहे, तिच्या आजारपणात तो काळजीत आहे, आणि तरीही शिक्षा द्यायचीच आहे.

याच पुस्तकाच्या तिसऱ्या खंडात अमीना रोज मशिदीत जाते. कुणी परवानगी दिली असा प्रसंग नाही, कुठला कायदा आड आला नाही की मदतीला आला नाही. मधला मुलगा फहमी १९१९ च्या इंग्रजविरोधी आंदोलनात गोळी लागून गेलेला आहे, मुलींच्या घरांवर दुःखं कोसळली आहेत, नवऱ्याचं शरीर थकलं आहे. आता तो घरात बसलेला असतो आणि ती कधी येते याची वाट बघतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडांच्या मधल्या काळात प्रत्यक्ष इजिप्तमध्ये तो १९२९ चा तलाकचा कायदा झाला. अमीनाच्या उंबऱ्यापर्यंत तो पोचला नाही. तिचा उंबरा ओलांडला गेला तो मुलाच्या मरणाने आणि नवऱ्याच्या म्हातारपणाने.

यावरून कुणी म्हणेल, मग कायदे कशाला. तसं मी म्हणत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा ही त्या सात जणींची मागणी न्यायालयापर्यंत पोचून मान्य व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागली, आणि त्या वर्षांत ज्या बायका एका वाक्यावर घराबाहेर काढल्या गेल्या, त्यांना कादंबरीने काही दिलं नसतं. कायदा हवाच. माझं म्हणणं एवढंच की कायद्याच्या वादात आपण मुसलमानांचं घर कधी आतून बघितलं नाही. बाहेरच्यांनी पाहिलं नाही, आणि आम्हीही दार लोटून घेतलं.

टीव्हीवरच्या चर्चेत नेहमी दोन माणसं असतात, एक परंपरा आणि एक आधुनिकता. खऱ्या घरात ती दोन माणसं नसतात. माझी दादी साडी नेसायची, पदर डोक्यावर, भातलावणीला चिखलात उभी राहायची. बुरखा तिने कधी घातला नाही आणि शाळेचं तोंडही पाहिलं नाही. तिच्या मुलाने आखातातून पैसे पाठवले, जांभ्या दगडाचं घर स्लॅबचं झालं, आणि घरात बुरखा आला. आज तिची पणती डोक्याला हिजाब बांधून फार्मसीच्या कॉलेजला जाते, आणि लग्न कुणाशी करायचं ते मीच ठरवणार असं तिने बापाला तोंडावर सांगितलंय. यातली पुढची पायरी कुठली आणि मागची कुठली? कैरोतही तेच. स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या हुदा शारावीने १९२३ मध्ये इथल्या रेल्वे स्टेशनवर चेहऱ्यावरचा नकाब उतरवला. १९६० च्या दशकातल्या विद्यापीठाच्या फोटोंत मुली मोकळ्या केसांच्या दिसतात. त्यांच्या आजच्या नातींपैकी बहुतेकींच्या डोक्यावर स्कार्फ आहे, आणि त्या डॉक्टर आहेत, बँकेत आहेत, मेट्रोत माझ्या शेजारी उभ्या राहून फोनवर घरच्यांशी मोठमोठ्याने भांडत असतात.

महफूजला हे आधीच दिसलं होतं. त्याच्या शेवटच्या खंडात अमीनाची थोरली मुलगी खदीजा हिचा एक मुलगा मुस्लिम ब्रदरहूड या धार्मिक-राजकीय संघटनेत जातो, दुसरा कम्युनिस्ट होतो. दोघं एकाच आईच्या हातचं जेवतात. शेवटी एकाच रात्री पकडले जातात आणि एकाच कोठडीत टाकले जातात. कोण बरोबर याचा निकाल लेखक देत नाही.

आता इथला आणि आपल्याकडचा खरा फरक. महफूज लिहीत होता तेव्हा त्याला अहमदच्या जुलमाबद्दल लिहिताना असं वाटायची गरज नव्हती की उद्या कुणीतरी हे पान उघडून "बघा, हे असेच असतात" म्हणेल. वाचणारेही बहुतेक त्याच समाजातले, घरही त्यांचंच. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या मुसलमान लेखकाला ही मोकळीक नाही. आपल्या बापाबद्दल खरं लिहिलं तर ते उद्या कुणाच्या तरी भाषणात जाईल, ही भीती खोटी नाही. मी लांब राहून त्या भीतीला नावं ठेवणार नाही. इथे दाराच्या आतलं भांडण घरगुतीच राहतं. तिथे त्याची लगेच बातमी होते.

इथे सगळं आलबेल होतं असंही नाही. महफूजची एक वेगळी कादंबरी १९५९ मध्ये 'अल-अहराम' या वर्तमानपत्रातून क्रमशः आली आणि धर्माचा अवमान झाला म्हणून गदारोळ उठला. इजिप्तमध्ये ती पुस्तकरूपाने निघायला २००६ साल उजाडलं. १९९४ मध्ये त्याच कादंबरीवरून एका तरुणाने त्याच्या मानेत सुरा खुपसला. महफूज तेव्हा ८२ वर्षांचा होता. तो वाचला, पण लिहिता हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. म्हणजे धोका स्वतःच्या समाजातूनही असतो. दलवाईंनाही हे चांगलं माहीत होतं. त्यांची 'इंधन' कोकणातल्या गावाचीच कादंबरी आहे, १९६५ ची. तिच्यानंतर तीन पिढ्यांचं मुसलमान घर, खलाशी आजोबा, आखातातला बाप आणि शिकलेली नात, असं ऐसपैस मराठीत वाचायला मला फार आवडेल. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापूरला सुरू झालं. लिहिणारे आहेत, भाषा आहे. हवा आहे तो असा वाचक, जो त्या घराकडे पुरावा म्हणून बघणार नाही.

माझ्या नात्यातली एक मुलगी असं लिहितेय. तिने पाठवलेल्या प्रकरणांत तिची फुफी, म्हणजे आत्या, आहे, जिचा नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर येतो. बाकी अकरा महिने ती शेत, कर्ज, सासू, गडी सगळं बघते, आणि तो आला की पंचायतीच्या कागदावर सही करायचाही तिचा हक्क संपतो. वाचून मी बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही. घरच्यांचं म्हणणं, हे छापू नकोस, आपली शोभा होईल. एका संपादकांनी कळवलं, लिखाण छान आहे, पण तलाकचा प्रसंग कुठे आहे? त्याशिवाय वाचकाला विषय कळणार नाही.

तिच्या फुफीला कुणी तलाक दिलेला नाही. ती अजून त्याच घरात आहे. मी तिला लिहिलं, घरच्यांना आधी वाचून दाखव, फुफीला सगळ्यात आधी, आणि तिला जे काढायला सांगावंसं वाटेल ते काढ. संपादकांसाठी मात्र एक ओळही वाढवू नकोस. आणि महफूजच्या दुसऱ्या खंडातली ती पानं वाच, जिथे खदीजा आणि तिची सासू कोंबडीच्या एका पदार्थावरून भांडतात, हा पदार्थ घरात आणला कुणी यावरून. साडेचार हजार किलोमीटरवरचं स्वयंपाकघर आहे, पण तुला त्यातला प्रत्येक आवाज ओळखीचा वाटेल.